पाणी फक्त मालकांसाठी

कळवा
सोमवार, ७ एप्रिल

आणि त्या बोर्डावर सही तुझी. दुसऱ्या कोणाची असती तर मी समजून घेतलं असतं. म्हटलं असतं, नवीन माणूस आहे, बाहेरून राहायला आलाय, त्याला काय माहीत गोदा कोण. पण खाली निळ्या शाईने चक्क राघो भोईर, चेअरमन. बापसाने ठेवलेलं नाव, आणि ते माझ्याविरुद्ध चार खिळे ठोकून लावलंय.

"पोहण्याचा तलाव फक्त फ्लॅटमालक, त्यांची पत्नी व मुले, तसेच करारनामा असलेले भाडेकरू यांच्यासाठी. इतरांनी आत येऊ नये." मी वाचलं. चौथी शिकलेय, हळू वाचते, पण सगळं वाचते. वाचून होईपर्यंत महेंद्र वॉचमन गेटला आडवा उभा.

"आत्या, तुम्हाला नाय सोडता येणार."

"का रे, मला काय खरूज झालीय?"

"साहेबांनी सांगितलंय."

"कुठल्या साहेबांनी?"

तो बिचारा नुसता वर आठव्या मजल्याकडे, तुझ्या घराकडे, बघायला लागला.

दादा, आपल्या चार विंगमध्ये मालक नाही, मालकाचं बायकापोर नाही, भाडोत्री नाही आणि तरी पाण्यात उतरतंय असं माणूस एकच आहे. तू नियम नाही लिहिलास. माझा फोटो लावलास.

मी पिशवी घेऊन उभी. पिशवीत टॉवेल, टोपी, कॉश्च्यूम. आत लेडीज बॅच सुरू झालेली. रमाबाईंनी पाण्यातून हात केला, या म्हणून. त्यांना काय माहीत. मग ती प्रियांका, आमची शिकवणारी, ओल्या पायांनी गेटपर्यंत आली. पोरगी आंबिवलीवरून पहाटे निघून येते, कोणाचं ऐकून घेत नाही, पण तिचं पण तोंड उतरलेलं. बोलली, "ताई, मी कमिटीशी बोलते." मी बोलले, तू कशाला नोकरी घालवतेस, कमिटी माझ्याच आईच्या पोटची आहे.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअपवर एकच टिक येते. वर आले तर वहिनी दारातूनच बोलते, झोपलेत. चपला दारात, टीव्ही चालू, आणि झोपलेत. म्हणून लिहितेय. खाली तुझ्या पत्रपेटीत टाकते. लाइटबिल काढायला तरी हात घालशील.

मला हौस आली म्हणून मी पाण्यात गेले नाही हे तुला माहीत आहे, तरी परत लिहिते. गुडघे गेले. ठाण्याच्या डॉक्टरने एक्सरे बघितला आणि विचारलं, काय काम करायचात? मी सांगितलं, लग्नाआधी मिठागरात टोपल्या वाहिल्या, लग्नानंतर आंबिवलीला सासरच्या म्हशी आणि नवरा, दोन्ही ओढले. त्यात साखर वाढलेली. तो बोलला, चालायचं नाही, जिना नको, पोहायला लागा. मी हसले. बोलले, डॉक्टर, अर्धा जन्म खाऱ्या पाण्यात उभं राहून गेला, परत पाण्यात कशाला घालता? तर तो बोलला, आजी, आतापर्यंत उभ्या राहिलात, आता आडव्या व्हा. आजी बोलला ते मला आवडलं नाही, पण बाकीचं पटलं.

तुला राग कपड्यांचा आहे. मला कोणी सांगायला नको. कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्याखाली पाय झाकलेले, डोक्यावर रबरी टोपी. एवढी झाकलेली तर मी माझ्या लग्नात नव्हते. मिठागरात कासोटा मारून, पोटऱ्या उघड्या टाकून आपली आई आणि मी टोपल्या वाहत होतो, तेव्हा गावाने बघितलं, मुकादमाने बघितलं, ट्रकवाल्याने बघितलं. तेव्हा भोईरांची अब्रू गेली नाही. तेव्हा गेलं ते फक्त मीठ, ट्रकमधून.

आणि त्या रविवारी तुझ्या मयूरच्या होणाऱ्या सासरची माणसं घोडबंदर रोडवरून घर बघायला आली, तू त्यांना हा पोहायचा पूल दाखवायला आणलंस, यात माझी काय चूक? मला कोणी कळवलं होतं? मी पाण्यातून वर आले, समोर पाहुणे, मी राम राम केला. झालं एवढंच. पाहुण्यांना राम राम करायचा नसेल तर तसा पण एक बोर्ड लाव.

बोर्ड काढ. जास्त काही मागत नाही.

गोदा


शुक्रवार, ११ एप्रिल

पत्राला उत्तर म्हणून सायकल पाठवलीस.

मयूर आणि अजून दोघे ती घेऊन आले. जागेवरच चालते म्हणे. पोर लाजलेलं. बोलला, "आत्या, बाबा बोलले घरातल्या घरात व्यायाम होईल. गुडघ्याला पण चांगली. टीव्ही बघत बघत मारायची."

मी विचारलं, "आणि बाबा स्वतः काय बोलले? शब्द सांग."

"ते बोलले, वयाला शोभेल असं करायला सांग."

"आणि लग्नाचं?"

"हळदीला आत्यानेच पहिली हळद लावायची, ते कुठे जातंय. बाबा बोलले, साडी आणलीय तुझ्यासाठी."

साडी. दादा, तू मला साडी दिलीस की मी आता आधी बघते, सही कुठे करायची. मागच्या वेळची साडी आठवते का? रजिस्टर ऑफिसला मी बापसाच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही करून आले, वहिनीने ओटी भरली, तू मोरपंखी साडी ठेवलीस आणि बोललास, गोदा, बिल्डिंग झाली की दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तुझाच समज. मी समजले. गावातल्या सगळ्या बहिणींनी तेच केलं, भावाकडे वाटा मागितला की माहेर तुटतं. मला माहेर पाहिजे होतं. नवरा गेल्यावर मला दुसरं काय होतं? मी सही केली आणि खूश होऊन बाहेर वडापाव खाल्ला. त्याचं मला दुःख नाही. पण जिने सगळं सोडून दिलं तिला तू आता विचारतोस, तू मालक आहेस का? हे विचारायला तुझी जीभ कशी वळली?

सायकल हॉलमध्ये आहे. मी तिच्यावर टॉवेल वाळत घालते. टॉवेल कोरडाच असतो, पण घालते.

तुला वाटतं व्यायाम म्हणजे व्यायाम, कुठे पण पाय हलवले की झालं. तुला सांगून उपयोग नाही, तरी सांगते. पहिले पंधरा दिवस मी नुसती कठड्याला धरून पाय मारत होते. प्रियांका बोलायची, "ताई, पाण्याला लाथा नका मारू, त्याने तुमचं काय वाईट केलंय?" तोंड पाण्यात घाल आणि फुंकर मार बोलली, तर मला रडू फुटलं, एवढी घाबरले. नाकात पाणी, कानात पाणी, डोळे लाल. रोज ठरवायचे उद्या नाही यायचं. मग एक दिवस हात सोडले आणि नाही बुडले. माझं हे एवढं धूड, जे वजन काट्यावर मला लाज आणतं, ते पाण्याने उचललं. कोणी मला कधी उचललेलं आठवत नाही, दादा. आईने उचललं असेल, मला आठवत नाही.

मग एक दिवस या टोकाहून त्या टोकाला गेले. अधेमधे थांबले नाही. तिकडची टाइल हाताला लागली तेव्हा मला कळेना मी कुठे आले. रमाबाई तिथे उभ्या होत्या, ए विंगच्या, शाळेत बाई होत्या त्या. त्या माझ्याबरोबरच शिकायला लागलेल्या. त्या बोलल्या, "गोदाताई, खाडी ओलांडून ठाण्याला पोचलात तुम्ही."

आणि अजून एक. मी सगळ्यांशी भांडते हे तू सगळीकडे सांगत फिरतोस. खरं आहे. पण पाण्यात भांडता येत नाही. श्वास घेऊ का बोलू, दोन्ही होत नाही. तासभर माझं डोकं गप्प असतं. घरी आले की गुडघा दुखत नाही आणि टीव्हीवरच्या बायकांना मी शिव्या देत नाही. साखर उतरली. डॉक्टरने विचारलं, गोळी बदलली का? ते सायकलवर होणार आहे?

लहानपणी तू गावच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवायचास. पाठीला सुका भोपळा बांधून पायरीवरून ढकलून द्यायचास. मी पण हट्ट केलेला. तू बोललास, पोरींनी पाण्यात नाय जायचं, तू आमचे कपडे सांभाळ. मी काठावर बसून सगळ्या गावच्या पोरांच्या चड्ड्या सांभाळल्या. ऊन डोक्यावर, आणि मी चड्ड्या मोजते. ते मी विसरले होते. बोर्ड वाचला आणि परत आठवलं.

रमाबाईंना मी सांगितलं, मला बंदी केलीय. त्या बोलल्या, "पाण्यासाठी कोणाची परवानगी मागायची आमच्या घराने तळ्याच्या सत्याग्रहापासून सोडून दिली, गोदाताई. तुमच्या घराने आता लावली का?" मी खाली मान घालून चहा प्यायले. तुझ्यामुळे.

त्या रविवारचं तू मयूरला काय सांगितलंयस मला माहीत नाही. राम रामानंतर एखादं वाक्य माझ्या तोंडून निघालं असेल. पाहुणे हसले ते मी पण बघितलं. पण हसणं वाईट नाही. लग्नाघरी हसतातच.

गोदा


बुधवार, १६ एप्रिल

काल वहिनी आलेली. तुला न सांगता आली, तर तिला ओरडू नको. ओरडलास तर मला कळेल, भिंती पातळ आहेत, तुझे शेजारी ऐकतात आणि मला सांगतात, बिल्डरला तूच चांगला बोलला होतास.

आली, बसली, सायकलवरचा टॉवेल बघितला, हसली. मग बोलली, "वन्स, कपड्यांचं सोडा हो. ते कपड्यांचं काही बोललेच नाहीत घरात."

"मग?"

"म्हशीचं लागलंय त्यांना."

मला माहीत होतं, दादा. पहिल्या पत्रात पण माहीत होतं. कपड्यांवर भांडणं मला सोपं होतं, कपड्यांत माझी चूक नव्हती.

आता सगळं लिहिते, म्हणजे तुझ्या बाजूने लिहायला काही उरणार नाही.

त्या रविवारी मी लांब्या मारत होते. त्या टोकाला आले, दम घ्यायला कठड्याला धरून थांबले. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा, तू मला ओळखलं नसशील आधी. तू, तुझ्या होणाऱ्या सुनेचे म्हणजे ऋतिकाचे आईबाप, तिची ती पुण्याची मावशी, मयूर. तू हात पसरून दाखवत होतास, इथे आपली खाचरं होती, तिथून खाडी. मग तू सुरू झालास. सव्वीस जुलैचा पूर. खाडी गोठ्यात शिरली. सगळे पळाले, तू एकटा गेलास. छातीएवढं पाणी, अंधार, चंद्री म्हैस खुंट्याला बांधलेली, तू दावं तोडलंस आणि तिला पोहत पोहत बांधावर काढलंस. मंडळाने शाल नारळ दिला. ही गोष्ट गावाला पाठ आहे. मला पण.

इथपर्यंत मी ऐकून घेतलं. हातातला कठडा धरून शहाण्यासारखी ऐकत होते.

मग ऋतिकाच्या आईने विचारलं, "तुमच्याकडे बायका पण पोहतात वाटतं?" तिने पाण्याकडे बघून विचारलेलं. तेव्हा तू मला बघितलंस. आणि तू काय केलंस आठव. पाठीमागे हात नेलास, आणि बोटांनी मला केलंस, जा, जा. कोंबडीला हाकलतात तसं. आणि तोंडाने त्यांना बोललास, "नाय हो, आमच्या बायका पाण्याला घाबरतात. पोहणं आमच्याकडे पुरुषांच्या रक्तात."

मी चष्मा वर केला. वर आले. पाणी निथळतंय, पाहुण्यांना राम राम केला. ऋतिकाची आई बिचारी उठून उभी राहिली, बोलली, "तुम्ही आत्याबाई ना? किती छान पोहता." आणि मी बोलले, "मी आत्ता शिकले. दादाला येतच नाय. म्हशीला विचारा, कोणी कोणाला काढलं."

ऋतिकाचा बाप एवढा हसला की त्याला खोकला आला. मावशी हसली. मयूर पण हसला, मग त्याने तुझ्याकडे बघितलं आणि थांबला.

हे झालं. हे मी बोलले.

त्या पुराच्या दिवशी मी माहेरी होते. नवऱ्याशी भांडून आलेले. मी आणि वहिनी माळ्यावर चढलो होतो. वहिनी देवाचं नाव घेत डोळे मिटून बसलेली, मी खिडकीतून बघत होते. चंद्री पाण्यात मान वर काढून चालली होती, झपाझप, आणि मागे तिची शेपटी दोन्ही हातांनी धरून तू. तुझं डोकं खाली जायचं, वर यायचं. मला वाटलं गेला माझा भाऊ. बांधाला लागलीस ना बाय, असं मी म्हशीला बोलले, तिथून, खिडकीतून. मग लोक आले, तू उलटी करत होतास, म्हैस शेजारी उभी. लोक बोलले, राघोने म्हैस काढली. तू काही बोलला नाहीस. मी पण नाही. मला तुझी शाल आवडलेली.

तुला पोहता येत नाही हे मला त्याच्या आधीपासून माहीत होतं. काठावर कपडे सांभाळणारीला सगळं दिसतं. सगळ्या पोरांना ढकलायचास आणि स्वतः शेवटच्या पायरीवर बसून डोकं भिजवायचास. मी कधी कोणाला बोलले? आईला? नवऱ्याला? भांडणात पण नाही. तू माझ्या नवऱ्यासमोर मला काय काय बोललायस, तेव्हा पण माझ्या तोंडून हे निघालं नाही. त्या एका बोटांच्या खुणेने निघालं.

ते मी बोलायला नको होतं, लग्नाच्या पाहुण्यांसमोर. हे एकदा लिहिलं, परत लिहिणार नाही.

पण मला राग कशाचा येतो सांगू? तुला येत नव्हतं आणि तरी तू गेलास. छातीएवढ्या पाण्यात, पोहता येत नसताना, एका मुक्या जनावराचं दावं सोडायला. गावात पोहणारे पन्नास जण होते, ते माळ्यावर बसले. ही गोष्ट केवढी मोठी आहे. ती तू कोणालाच सांगत नाहीस. ती सांगितली असतीस तर मी पाण्यातून टाळ्या वाजवल्या असत्या. तू त्यापेक्षा छोटी आणि खोटी गोष्ट सांगत फिरलास, आणि ती जपायला आता बहिणीला गेटबाहेर केलंस.

बोलण्याची शिक्षा बोलून कर. वर बोलव, शिव्या दे, मी ऐकते. पण चेअरमनचा शिक्का मारून नको.

गोदा


सोमवार, २१ एप्रिल

मी हे पत्र लिहिणार नव्हते. पण काल ते लिफ्टमध्ये झालं.

तुला वाटलं मी जिन्याने जाईन. गुडघ्यामुळे मी जिन्याने जात नाही हे तुला कळायला पाहिजे. दार उघडलं, तू आत, हातात दुधाची पिशवी. मागे सरायला जागा नव्हती म्हणून माझ्याशी बोललास, नाहीतर बोलला नसतास.

"पत्र टाकायची बंद कर. लोक हसतात."

"कोण लोक? पेटीला कुलूप आहे, किल्ली तुझ्याकडे आहे."

"मीटिंग आहे रविवारी. त्यात नियम पास होईल. तेव्हा गप बस."

"आणि मी?"

"तुला काय कमी केलंय मी? फ्लॅटमध्ये राहतेस ना. तो माझ्या नावावर आहे, विसरू नको."

दुसरा मजला आला. दार उघडलं. मी उतरले. तू दुधाची पिशवी छातीशी धरून उभा, आणि दार बंद झालं.

मी घरी आले आणि बराच वेळ पाणी पण प्यायले नाही. मग मी खिडक्या पुसल्या. सगळ्या. मला राग आला की मी खिडक्या पुसते, आजकाल पाण्यात जाता येत नाही म्हणून.

फ्लॅट माझ्या नावावर आहे, हे वाक्य तू काल बोललास, पण हे तुझ्या डोक्यात सही केली त्या दिवसापासून असणार. मी मूर्ख, मला वाटत होतं भांडण पुलाचं आहे. रमाबाई खाली भेटल्या, मी त्यांना काही सांगितलं नाही, तरी त्या बोलल्या, "रविवारी मी येणार आहे मीटिंगला. पहिल्या रांगेत बसेन." प्रियांकाने पण निरोप पाठवला, ताई, हात चालू ठेवा, घरात पलंगावर आडव्या पडून तरी मारा. मी मारते. हसू नको.

आता माझं ऐक. तू नियम मोडू नको. तुला नियम पाहिजे ना, फक्त मालकांसाठी? ठीक. नियम राहू दे. बोर्ड पण राहू दे. मग मला मालक कर. सहीच्या दिवशी तू जे तोंडाने बोललास ते कागदावर बोल. फ्लॅट माझ्या नावावर लाव. मी विकणार नाही, मला कोण आहे? माझ्यामागे तो मयूरचाच आहे, आणि तेही मी कागदावर लिहून देईन. मला फक्त गेटवर महेंद्राने विचारलं की सांगता आलं पाहिजे, मी कोण.

ते करायचं नसेल तर रविवारी मीटिंगात उभा राहा आणि नियमात एक ओळ घाल, की ज्यांची ही जमीन होती त्यांच्या बहिणी आणि मुली पण. मी एकटी नाही, सी विंगला केण्यांची जनाबाई आहे, भावाकडे राहते, पूल बघायला रोज येऊन कठड्याशी उभी राहते. तिला पण उतरायचंय. ती बोलणार नाही. ती घाबरते. मी बोलतेय.

दोन्ही नको असेल तर हळदीला मी येणार नाही. पहिली हळद कोण लावणार ते तू बघ. बायका विचारतील, आत्या कुठे? मला फोन करून पण विचारतील, तुला आपल्या बायका माहीत आहेत. मी आजारी आहे असं सांगणार नाही. मला आजार नाही, माझी साखर उतरली आहे. मी खरं तेच सांगेन, आणि घाबरू नको, म्हशीचं नाही सांगणार. ते मी एकदा बोलले ते पुरे. मी जमिनीचं सांगेन. सहीचं सांगेन. ते ऐकून घोडबंदरचे पाहुणे हसणार नाहीत.

मयूरचा मला जीव आहे. त्याला उचलून फिरवलंय मी. त्याच्या हळदीला घरात बसून राहणं मला सोपं नाही, हे तुला कळत असेल तर कळू दे.

अजून एक लिहिते, पटलं नाही तर फाडून टाक. पुरुषांची बॅच संध्याकाळी असते. प्रियांका बोलली, साठीची माणसं पण शिकतात, सुरुवातीला सगळेच कठड्याला धरतात, कोणी कोणाकडे बघत नाही. पाणी चार फूट आहे त्या बाजूला. पाय टेकतात. एवढंच.

मीटिंग रविवारी २७ तारखेला अकराला आहे. लेडीज बॅच त्याच्या आधी, सकाळी सातला. मी त्या दिवशी सातला गेटवर असणार आणि मी आत जाणार. महेंद्राला सांगून ठेव, आडवा येऊ नको, मी त्याच्या आईच्या वयाची आहे आणि मला धक्का द्यायची त्याची पण इच्छा नाही. मी मालकीण म्हणून आत जायचं, का बहीण म्हणून, का तुझं न ऐकता, हे तू ठरव.

उत्तर मला शनिवारी, २६ तारखेला, संध्याकाळी सातच्या आत पाहिजे. मयूरबरोबर नको, वहिनीबरोबर नको, पेटीत पण नको. आठव्या मजल्यावरून दुसऱ्यावर यायचं आणि माझ्यासमोर बोलायचं.

गोदा